सहा पाकळ्यांची वाकळ

आमच्या पाटण तालुक्यात गोधडीला वाकळ म्हणतात. वाकळ ही विकत आणायची वस्तू नव्हतीच. ज्या घरात जुनी लुगडी, त्या घरात वाकळ. खाली एक धड लुगडं, वर एक धड लुगडं, आणि मधे फाटकी धोतरं, चोळ्यांच्या बाह्या, पटक्याचे तुकडे, काय असेल ते. उन्हाळ्यात शेताची कामं सरली की बायका अंगणात बसायच्या. दाभणानं किंवा मोठ्या सुईनं कडेकडेनं धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत यायचं. नवं कापड वाकळेला चालत नसे. नव्या कापडाला खळ असते, ते अंगाला टोचतं. लुगडं दहा वर्षं नेसून, धुऊन, आपटून मऊ झालं म्हणजे मग ते वाकळेच्या लायकीचं.

वाकळ काय असते ते मला सहाव्या वर्षी कळलं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. सव्वाचार वाजून गेले असतील. कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगरला आणि आसपासच्या गावांत मिळून दीडशेच्या वर माणसं गेली. आमच्या घराची एक भिंत बसली, माणसं वाचली. त्यानंतर कित्येक रात्री आख्खं गाव थंडीत खळ्यावर झोपलं. घरात पाऊल टाकायला कोणी धजत नव्हतं. पण माझी चुलती, तिला आम्ही नानी म्हणायचो, ती पडक्या भिंतीवरून आत शिरली आणि पहिल्यांदा काय आणलं असेल तर दांडीवरच्या वाकळा. भांडी मागनं आणली. आजी तिच्यावर ओरडत होती आणि नानी वाकळा बाहेर फेकत होती.

आता ज्या वाकळेची हकिगत सांगायची ती ह्या सगळ्या रीतीच्या उलटी आहे. ती नव्या कापडाची आहे, तेही एकाच कापडाची.

आमचे थोरले चुलते, तात्या, मुंबईत कापडाच्या मिलमध्ये होते. त्यात नवल काही नव्हतं. कावसजी दावर यांची ताडदेवची पहिली गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढं गिरण्या वाढत गेल्या तशी सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीची माणसं तिकडं जात राहिली. डोंगरातली जमीन वाटण्या होऊन होऊन वावभर राहिलेली. एक भाऊ शेती बघणार, एक भाऊ मुंबईला मनिऑर्डर करणार, हाच हिशेब. बायको मात्र गावाकडंच. तात्या गावकीच्या खोलीत वीस-बावीस माणसांत राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे. वर्षात दोनदा घरी यायचे, शिमग्याला आणि दिवाळीला. लग्नाच्या सव्वीस वर्षांत नवराबायको एकाखाली एक दिवस धरून किती राहिली असतील, हा हिशेब मी एकदा मांडायला घेतला होता आणि सोडून दिला.

तात्या छपाई खात्यात होते. कापडावर फुलं कशी येतात ते त्यांनी मला सांगितलेलं अजून जसंच्या तसं आठवतं. तांब्याचा मोठा रूळ असतो, त्यावर नक्षी कोरलेली असते. रूळाला रंग लागतो, वरचा जादा रंग एक पातं खरवडून काढतं, आणि कोरलेल्या खळग्यात जो उरतो तो कापडावर उतरतो. एका रंगाला एक रूळ. पाच रंगांचं फूल असलं तर पाच रूळ एकामागं एक, आणि सगळ्यांची चाल जुळायला पाहिजे. एखादा केसभर चुकला तर लाल रंग पाकळीच्या बाहेर सरकतो. असं कापड मग दुय्यम. त्यातलं काही कामगारांना स्वस्तात मिळायचं.

१९७४ च्या दिवाळीला तात्यांनी असंच सहा वार कापड आणलं. काळपट निळ्या जमिनीवर लाल फुलं, पिवळा गाभा, हिरवी लांबट पानं, आणि सगळीकडं लाल रंग एका बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा सरकलेला. आजी म्हणाली पोरींना परकर शिवू. नानी काही बोलली नाही. तिनं कापड अंगणात पसरलं आणि बघत बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारली.

"बाळा, हितं बघ. ह्यो वाकडा देठ हाय का? आता हातभर फुडं बघ. त्योच देठ. आनि त्याच्या फुडं हातभर, पुन्ना त्योच."

"रूळ फिरतोय नानी. एक फेरा झाला की पुन्हा तेच फूल," मी तात्यांचं ऐकलेलं सांगितलं.

"फेरा व्हय," ती म्हणाली. "म्हंजी हे सगळं एकच फूल हाय."

तिच्या डोक्यात काय होतं ते मला पुढं चार दिवसांनी कळलं. तिनं हातातल्या बांगड्या काढून जमिनीवर मांडल्या होत्या. मधे एक, भोवती सहा. एका बांगडीभोवती त्याच मापाच्या सहा बांगड्या बरोबर बसतात, ना फट राहते ना सातवी मावते. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिला आता सहा सारखे तिकोनी तुकडे हवे होते, जे टोकाला टोक लावून ठेवले तर गोल फिरून बरोबर मिळतील. मी तेव्हा आठवीत. कंपासपेटी नवी होती. एक रेघ मारली, दोन्ही टोकांवरून तेवढ्याच अंतरानं कंस मारले, छेदले तिथं टोक. तीन बाजू सारख्या. तो आकार डालडाच्या डब्याच्या पत्र्यावर गिरवला आणि लोहाराकडनं कापून आणला. उंची चार बोटं.

मग कापडाचे सहा थर करायचे. इथं खरी मेहनत. कापड हातभराच्या मापानं कापून तुकडे एकावर एक ठेवायचे, पण नुसत्या कडा जुळवून भागत नाही. फुलावर फूल आलं पाहिजे. नानी वरच्या थरातल्या पिवळ्या गाभ्यात सुई टोचायची, खालचा थर उचलून त्याच गाभ्यात, मग तिसऱ्याच्या, अशी सहाच्या सहा थरांतून सुई आरपार. अशा दहा-बारा ठिकाणी सुया. मग कच्चा दोरा घालायचा. शिंप्याकडनं मोठी कात्री मागून आणली होती, आमच्या घरातल्या कात्रीला सहा थर कापले जात नव्हते. आधी चार बोटांच्या पट्ट्या, मग पत्रा उलटसुलट ठेवून त्या पट्टीचे तिकोन. पत्रा ठेवून कात्री मारली की हातात सहा तिकोन येत, सहाही हुबेहूब. एकावर देठ असला तर सहावर देठ, तोही त्याच जागी.

आणि ते सहा टोकाला टोक लावून मांडले की जे दिसायचं ते मूळ कापडात कुठंच नसायचं. अर्धं पान सहा वेळा फिरून चांदणी व्हायची. सरकलेल्या लाल रंगाची कड सहा वेळा येऊन गोल कुंकवासारखी बसायची. मिलनं जी चूक म्हणून स्वस्तात काढली, तीच सगळ्यांत देखणी दिसत होती. शिवाय तिकोनाला तीन टोकं. एक टोक मधे घेतलं तर एक फूल, दुसरं घेतलं तर दुसरं, तिसरं घेतलं तर आणखी वेगळं. नानी तिन्ही मांडून बघायची आणि घरातल्या पोराठोरांना बोलवायची, "कुठलं चांगलं, सांगा." आम्ही भांडायचो. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी आपल्या मनाचंच शिवायची.

आजीला हे पसंत नव्हतं. तिचं म्हणणंही चूक नव्हतं. १९७२ चा दुष्काळ सरून दोन वर्षं झालेली. त्या वर्षी आजी खडी फोडायला गेली होती, तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या होत्या. "चांगलं कापड कापायचं आनि परत जोडायचं, ह्ये कसलं खूळ?" ती म्हणायची. नानी म्हणायची, "आत्याबाई, कापड कुटं चाललंय? घरातच हाय." पण आजीनं पोरींच्या परकराचा विषय मरेपर्यंत सोडला नाही.

फुलं अख्खी शिवायची नाहीत, हे नानीला पहिली चार फुलं शिवून झाल्यावर उमगलं. सहा पाकळ्यांची फुलं एकमेकांना जोडायला गेलं की कोपरा कोपऱ्यात शिरवावा लागतो, तिरकं कापड ताणतं आणि वाकळ फुगते. म्हणून तिनं तीन तिकोन जोडून अर्धं फूल केलं. अर्ध्या फुलांच्या लांब ओळी. ओळीला ओळ सरळ शिवली की फुलं आपोआप पुरी होतात. मात्र त्याआधी सगळी मांडणी जमिनीवर करून ठेवायची, नाहीतर एकाचं अर्धं दुसऱ्याला जायचं. माजघराचा अर्धा भाग त्या दोन उन्हाळ्यांत आम्हाला बंद होता. मांजर आलं तरी ओरडा.

आता कधी सून मोबाईलवर दाखवते, अमेरिकेतल्या बायकासुद्धा एकाच छापाच्या कापडाचे सहा थर लावून अशीच सहा कोनी फुलं करतात. पद्धत तीच, अर्ध्या फुलांच्या ओळीसुद्धा त्याच. त्या दुकानातून लागेल तेवढं कापड मोजून आणतात. आमच्या घरात तेवढाच फरक होता.

कारण कापड कमी पडलं. चार हात लांब आणि साडेतीन हात रुंद वाकळेला दोनशे दहाच्या आसपास फुलं लागत होती. सहा वारात एकशे ऐंशी झाली. हजारावर तिकोन हातानं जोडून झाले होते आणि एका बाजूची तीस फुलं नव्हती. नानीनं तात्यांना एक तुकडा पाकिटातून पाठवला. पत्र मी लिहिलं. हेच कापड एक वार आणावे, दुसरे चालणार नाही.

तात्यांनी शोधलं. छाप बंद झाला होता. त्यांनी घरी आल्यावर सांगितलं, तांब्याचा रूळ फेकून देत नाहीत, जुनी नक्षी खरवडून काढतात आणि त्याच रूळावर नवी कोरतात. "म्हंजी फूल गेलंच?" नानीनं विचारलं. "गेलं," तात्या म्हणाले. तरी ते दुय्यम कापडाच्या दुकानांतून बघत राहिले. दर सणाला पिशवीत काहीतरी तुकडा असायचा, थोडा निळा, थोडा लाल. जुळायचा नाही. वाकळ ट्रंकेत गेली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर आली. तात्या शिमग्याला आले ते ट्रंक घेऊनच. महिनाभरात मिटेल म्हणाले. सुगीपर्यंत मिटेल म्हणाले. त्या संपावर पुढाऱ्यांनी आणि शिकलेल्यांनी पुष्कळ लिहिलंय, कोण चुकलं त्याचा वाद अजून चालतो. मी एवढंच सांगेन की संप मिटला असं कोणी कधी जाहीर केलं नाही. नुसता विरत गेला. गिरणी चालू झाल्यावर गावातली दोघं-तिघं परत लागली, तात्यांना बोलावणं आलं नाही.

त्यांच्या ट्रंकेत कामाचे दोन सदरे आणि दोन अर्ध्या चड्ड्या होत्या, धुऊन घडी घातलेल्या. छपाई खात्याची कापडं ती. कितीही धुतली तरी त्यावर निळे, लाल, पिवळे डाग. शेतात ती घालायची नाहीत असा त्यांचा दंडक. एकदा पेरणीच्या वेळी माझा सदरा फाटला तेव्हा आईनं त्यातला एक मला काढून दिला. तात्या आईवर कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "कामाची कापडं हायत ती. उद्या बोलावणं आलं तर काय उघडा जाऊ?" आईनं सदरा परत ठेवला. नानी चुलीपाशी होती, तिनं मान वर केली नाही. वाकळ आणि ते सदरे एकाच ट्रंकेत, एकावर एक. तिला तीस फुलांचं कापड दिसत नसेल असं नाही.

ती पाच वर्षं थांबली. मागितलं कधीच नाही.

१९८७ च्या उन्हाळ्यात तात्या एका दुपारी ट्रंक उघडून बसले. दोन्ही सदरे आणि चड्ड्या काढल्या, नानीच्या पुढ्यात ठेवल्या आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले. नानीनं लगेच कात्री घेतली नाही. कापडं दोन दिवस तशीच खुंटीला होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "बाळा, त्यो पत्रा कुटं ठेवलायस?"

ती तीस फुलं बाकीच्यांसारखी नाहीत. डाग कुठं एका जागी असतात? सहा पाकळ्यांतल्या दोन सारख्या सापडणार नाहीत. एकीवर निळा शिंतोडा, एकीवर काहीच नाही, एकीवर खिशाची उसवलेली शिवण. नानीनं खाली अस्तराला आजीचं हिरवं लुगडं घातलं, आजी तोवर गेली होती. मधे दोन धोतरं. आणि पुऱ्या वाकळेवर धावदोरा घालायला आणखी एक उन्हाळा लागला.

तात्या ती वाकळ सात हिवाळे पांघरले. एकशे ऐंशी फुलांची देखणी बाजू पायाकडं टाकायचे आणि सदऱ्यांची बाजू तोंडाकडं घ्यायचे. नानी रोज रात्री सरळ करून द्यायची, सकाळी उलटी असायची.

रीतीप्रमाणं गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण नदीला सोडतात. तात्या गेले तेव्हा भावकीनं वाकळही गाठोड्यात बांधली होती. नानीनं गाठोडं सोडून वाकळ काढून घेतली आणि दुसरी एक घातली. कोणी काही बोललं नाही. आता ती माझ्याकडं आहे. गेल्या साली उंदरानं एक कोपरा कुरतडला, हिरवं लुगडं दिसायला लागलंय. सून म्हणते ठिगळ लावते. मी तिला पत्रा शोधून दिलाय. कापड कुठलं लावायचं त्यावर आमचं अजून ठरलेलं नाही.