महाविद्यालयीन क्रीडामंडळे आणि त्यांचा सदस्यविस्तार

अनेक महाविद्यालये वा विद्यापीठे ठरावीक नियमांनुसार प्रतिवर्षी परस्परांत सामने खेळण्यासाठी ज्या संघटनेत एकत्र येतात, तिला महाविद्यालयीन क्रीडामंडळ म्हणता येईल. अशा मंडळात नवे सदस्य घ्यावेत की नाहीत, घेतल्यास कोणत्या निकषावर, हा प्रश्न मंडळाच्या स्थापनेइतकाच जुना आहे. इतिहासात सदस्यविस्ताराची तीन तत्त्वे प्रामुख्याने आढळतात : निमंत्रण, करार आणि संलग्नता. पहिल्या तत्त्वाचे उदाहरण मुंबईच्या क्रिकेटमध्ये, दुसऱ्याचे अमेरिकेत, तर तिसऱ्याचे भारतीय विद्यापीठांत मिळते. बीड जिल्ह्यातील माजलगावसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालय निघाले, की ते तिसऱ्या तत्त्वाने विद्यापीठाच्या क्रीडास्पर्धांत दाखल होते. मात्र सदस्यत्व मिळणे आणि समान संधी मिळणे या दोन भिन्न गोष्टी असून, त्यांतील अंतर हाच या इतिहासाचा गाभा होय.

निमंत्रणाचे तत्त्व : मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांचा महाविद्यालयांशी प्रत्यक्ष संबंध नव्हता, तथापि सदस्यविस्ताराचे महाराष्ट्रातील ते सर्वांत परिचित उदाहरण आहे. १८९२ मध्ये युरोपीय व पारशी यांच्यात प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आल्याने ते तिरंगी व १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्याने चौरंगी झाले. १९३७ मध्ये उर्वरितांचा, म्हणजे ख्रिस्ती, ज्यू आदी समाजांतील खेळाडूंचा, संघ घेतल्याने ते पंचरंगी झाले. त्याच वर्षी नव्या ब्रेबर्न मैदानावरील आसनवाटपाच्या वादामुळे हिंदूंचा संघ मात्र स्पर्धेबाहेर राहिला. प्रत्येक नवा संघ आधीच्या संघांच्या संमतीने आला आणि संघाची ओळख जमातीवरून ठरली. प्रवेशानंतरही संघांतर्गत विषमता सुटली नाही. डावखुरे गोलंदाज पळवणकर बाळू हे हिंदू संघाचे आधारस्तंभ होते; परंतु अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्म झाल्यामुळे त्यांना कर्णधारपद कधीच लाभले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. जमातवार क्रिकेटवर पुढे टीका वाढत गेली, १९४० मध्ये महात्मा गांधींनीही आपली नापसंती व्यक्त केली आणि १९४६ नंतर हे सामने बंद पडले.

कराराचे तत्त्व : अमेरिकेत विद्यापीठे स्वेच्छेने एकत्र येऊन क्रीडापरिषद (कॉन्फरन्स) स्थापन करतात. यांतील एक जुनी परिषद, जी पुढे ‘बिग टेन’ या नावाने प्रसिद्ध झाली, तिची स्थापना १८९६ मध्ये शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू व विस्कॉन्सिन या सात विद्यापीठांनी केली. खेळाडूंच्या पात्रतेवर प्राध्यापकवर्गाचे नियंत्रण असावे, हा तिचा मूळ हेतू होता. १८९९ मध्ये इंडियाना व आयोवा आणि १९१२ मध्ये ओहायओ स्टेट या विद्यापीठांना तीत प्रवेश मिळाला. १९४६ मध्ये शिकागो विद्यापीठ परिषदेतून बाहेर पडले. पुढे विस्ताराची प्रेरणा बदलली. महाविद्यालयीन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावर राष्ट्रीय संघटनेचे असलेले नियंत्रण तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये रद्द ठरविले. त्यानंतर प्रक्षेपणाचे करार परिषदा व विद्यापीठे यांच्या हाती आले आणि नवा सदस्य घेताना त्याच्यामुळे किती प्रेक्षक व किती उत्पन्न वाढेल, हा विचार प्रबळ झाला. २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील चार विद्यापीठे दाखल झाल्यावर ‘बिग टेन’ची सदस्यसंख्या अठरा झाली, नावात मात्र दहाच राहिले. लॉस अँजेल्स व न्यू जर्सी येथील संघ आता एकाच परिषदेत असून त्यांच्यात सुमारे चार हजार किमी. अंतर आहे. याच घडामोडीत १९१५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या पॅसिफिक परिषदेच्या बारा सदस्यांपैकी दहा बाहेर पडले आणि २०२४ च्या हंगामात ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट हे दोनच उरले. कराराच्या तत्त्वात निवडीचे स्वातंत्र्य असते, त्याचप्रमाणे ज्याची कोणी निवड करीत नाही, त्याला एकाकी पडण्याचा धोकाही असतो.

संलग्नतेचे तत्त्व : भारतात महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांची रचना विद्यापीठांच्या रचनेवर आधारलेली आहे. विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रातील संलग्न महाविद्यालये आंतरमहाविद्यालयीन सामने खेळतात. त्यांतून निवडलेल्या खेळाडूंचा विद्यापीठ संघ तयार होतो व तो आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरतो. या दुसऱ्या पातळीची सूत्रे १९२५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाकडे आली; १९७३ मध्ये त्याचे भारतीय विद्यापीठ संघ असे नामांतर झाले. क्रिकेटमधील रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा १९३५-३६ पासून सुरू झाली. आंतरविद्यापीठ क्रीडाक्षेत्रात सर्वोत्तम कामगिरी करणाऱ्या विद्यापीठासाठी मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून देण्यात येऊ लागला. देशाचे विभाग पाडून आधी विभागीय व नंतर अखिल भारतीय सामने घेण्याची पद्धत रूढ असून, महाराष्ट्रातील विद्यापीठे पश्चिम विभागात मोडतात. या पद्धतीत महाविद्यालय आपला क्रीडागट स्वतः निवडीत नाही आणि गटातील जुने सदस्य त्याला नाकारूही शकत नाहीत. शासनाची परवानगी व विद्यापीठाची संलग्नता मिळताच त्याला प्रत्येक खेळात संघ पाठविण्याचा हक्क प्राप्त होतो.

मराठवाड्यातील स्थित्यंतर : मराठवाडा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग असल्याने येथील उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी (स्थापना १९१८) निगडित होते. औरंगाबाद येथे १९२३ मध्ये इंटरमीजिएट महाविद्यालय सुरू झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, १९५० मध्ये औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय (पुढे मिलिंद महाविद्यालय) आणि नांदेडात पीपल्स कॉलेज निघाले. त्या काळी या भागातील विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संघात स्थान मिळवायचे, तर स्पर्धा थेट राजधानीतील महाविद्यालयांशी होती. माजलगावपासून हैदराबाद तीनशे किमी.हून अधिक दूर आणि शिक्षणाचे माध्यमही प्रदीर्घ काळ उर्दू. त्यामुळे महाविद्यालयाची पायरी चढणारेच मोजके होते, मग मैदानाची गोष्ट दूरच राहिली.

राज्यपुनर्रचनेनुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. उद्‌घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. पहिले कुलगुरू सुं. रा. डोंगरकेरी हे होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये नव्या विद्यापीठाकडे आली. क्रीडेच्या दृष्टीने पाहता, एका संपूर्ण प्रदेशाने या वेळी आपला गट बदलला. आता मराठवाड्याचा स्वतःचा विद्यापीठ संघ निघू लागला आणि तो मुंबई, पुणे, नागपूर यांच्या संघांच्या पंक्तीला बसला. ग्रामीण भागात रुजलेल्या कबड्डी, खोखो, कुस्ती या खेळांतील विद्यार्थ्यांना त्यामुळे विद्यापीठाच्या पातळीवर वाव मिळाला.

माजलगाव : सिंदफणा नदीकाठचे हे तालुक्याचे ठिकाण रेल्वेमार्गापासून दूर आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील धरण येथे झाल्यानंतर सिंचन वाढले, उसाचे क्षेत्र विस्तारले व गावाची बाजारपेठ मोठी झाली. येथील सुंदरराव सोळंके महाविद्यालय हे १९७८ ते १९८० या काळात महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री असलेल्या सुंदरराव सोळंके यांच्या नावाने ओळखले जाते. त्याखेरीज येथे सिद्धेश्वर महाविद्यालय आहे. ही महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न, त्याच्या क्रीडास्पर्धांत त्यांना आपोआप प्रवेश आहे. मुंबईच्या चौरंगी सामन्यांसारखी जुन्या सदस्यांची संमती येथे लागत नाही, की अमेरिकेप्रमाणे उत्पन्नाचा हिशेबही मांडावा लागत नाही. तालुक्याच्या गावातील नव्या महाविद्यालयाचा संघ जिल्ह्याच्या वा विद्यापीठाच्या मुख्यालयातील जुन्या महाविद्यालयासमोर त्याच नियमांनी उभा राहतो, हे या पद्धतीचे मोठे यश मानावे लागेल.

तथापि संलग्नतेचे तत्त्व नकाशावरील रेषेने चालते, हे १९९४ मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षी १४ जानेवारी रोजी विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळाले. १७ सप्टेंबर रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, परभणी व लातूर (व पुढे १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हिंगोली) हे जिल्हे नव्या विद्यापीठाकडे गेले. औरंगाबाद, जालना, बीड व उस्मानाबाद जुन्याकडे राहिले. (औरंगाबाद व उस्मानाबाद यांची नावे २०२३ पासून अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी आहेत.) गोदावरीपलीकडील पाथरी माजलगावपासून सुमारे ३० किमी.वर आहे, पण ते परभणी जिल्ह्यात असल्याने तेथील महाविद्यालयांचा क्रीडागट वेगळा झाला. अंबेजोगाई आणि लातूर यांच्या बाबतीत हेच घडले. विद्यापीठाचे मुख्यालय मात्र माजलगावपासून सुमारे दीडशे किमी. दूर राहिले. अशा रीतीने शेजारच्या गावाशी अधिकृत सामना नाही आणि दूरच्या शहराशी मात्र आहे, अशी स्थिती निर्माण झाली.

या विभाजनाची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत प्रत्येक विद्यापीठाचा प्रत्येक खेळात एकच संघ असतो. त्यामुळे एका विद्यापीठाची दोन झाली, की त्याच प्रदेशातून दोन संघ निघतात व विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करण्याची संधी दुप्पट होते. उलट, प्रत्येक संघाला निवडीसाठी उपलब्ध असलेला खेळाडूंचा समूह लहान होतो आणि संघाची ताकद विभागली जाते. महाराष्ट्रात ही प्रक्रिया वारंवार घडली आहे. पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रातून १९९० मध्ये जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठातून २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ आणि नागपूर विद्यापीठातून २०११ मध्ये गडचिरोली येथील गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले. २०१९ मध्ये एल्फिन्स्टन, सिडनॅम आदी शासकीय संस्थांचे डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ बनल्याने त्या मुंबई विद्यापीठाच्या कक्षेतून बाहेर पडल्या. अमेरिकेत जी फेररचना करारांनी होते, ती येथे शासनाच्या निर्णयाने व कायद्याने होते. दोन्हीकडे खेळाडूचे मत विचारले जात नाही, हे साम्य लक्षणीय आहे.

नव्या सदस्याचा प्रवेश व त्याची स्थिती : महाराष्ट्रात नवीन महाविद्यालयांची स्थाने विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात निश्चित केली जातात. संस्थेच्या प्रस्तावाची छाननी विद्यापीठ करते, शासन परवानगी देते आणि त्यानंतर संलग्नता मिळते. जमीन, इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांबरोबर क्रीडासुविधाही अपेक्षित असतात. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात क्रीडा व शारीरिक शिक्षणासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. क्रीडास्पर्धांत सहभागी होण्यासाठी मात्र निराळी परीक्षा नसते. तो संलग्नतेचा सहज परिणाम असतो. म्हणूनच मैदान अपुरे असलेले, शारीरिक शिक्षण संचालकाचे पद रिक्त असलेले महाविद्यालयही कागदोपत्री पूर्ण सदस्य असू शकते.

ही उणीव ग्रामीण भागात विशेष जाणवते. आंतरमहाविद्यालयीन सामने बहुधा बाद पद्धतीने होतात, दीडशे किमी. प्रवास करून गेलेला संघ पहिल्याच फेरीत हरला, तर त्याचा वर्षाचा हंगाम एका दिवसात आटोपतो. मुक्कामाची सोय व सोबतीला शिक्षिका नसेल, तर विद्यार्थिनींचे संघ घरातूनच रोखले जातात. बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. महाविद्यालयीन सामन्यांचा हंगामही साधारण त्याच सुमाराचा असल्याने, या कुटुंबांतील मुलामुलींना खेळ व घरची जबाबदारी यांतून एकाची निवड करावी लागते. हे अडथळे सदस्यत्वाच्या नियमांत कोठेही लिहिलेले नसतात; पण परिणामाने ते नियमांइतकेच कठोर ठरतात.

मूल्यमापन : निमंत्रणाच्या तत्त्वाने मुंबईत स्पर्धा लोकप्रिय झाली, परंतु प्रवेशाचे दार जमातीच्या चौकटीतच राहिले. कराराच्या तत्त्वाने अमेरिकेत परिषदा श्रीमंत झाल्या, परंतु जुने शेजार तुटले व काही सदस्य मागे पडले. संलग्नतेच्या तत्त्वाने भारतात कोणालाही बाहेर ठेवले नाही, हे त्याचे श्रेष्ठत्व होय. त्याची मर्यादा अशी, की ते सदस्य करून घेते व तेथेच थांबते. मोठ्या विद्यापीठांनी सामने आधी जिल्हावार वा विभागवार घेणे, दुर्बल महाविद्यालयांना साखळी पद्धतीने अधिक सामने खेळू देणे, सीमेवरील महाविद्यालयांत विद्यापीठांच्या संमतीने मैत्रीपूर्ण सामने भरविणे आणि प्रवासखर्चाचा भार अंतराच्या प्रमाणात उचलणे, हे उपाय कायद्यात फारसा बदल न करता योजता येण्याजोगे आहेत. क्रीडामंडळाचा विस्तार किती झाला, हे सदस्यांच्या यादीवरून कळते. तो किती सार्थ झाला, हे मात्र माजलगावच्या संघाला वर्षातून किती सामने खेळावयास मिळाले, यावरून ठरवावे लागते.