औरंगाबादेस निघालेला कासीद

गेल्या पौषांत एका रविवारीं, पहाटे साडेपांचाच्या सुमारास, आम्ही मकाई दरवाजाजवळ खाम नदीच्या पुलाच्या अलीकडे एका टेबलामागें उभे होतों. टेबलावर पाण्याचे पेले, मीठ-साखरेच्या पाण्याची एक टांकी आणि केळ्यांचे घड मांडलेले होते. आमच्या डोक्याला मफलर व अंगावर शाल होती. इतिहासाच्या अध्यापकानें, आणि तेंहि पन्नाशी उलटल्यावर, असल्या वेळीं असल्या ठिकाणीं काय म्हणून उभें राहावें, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. तो आदल्या रात्रीं आमच्या घरींहि येऊन गेला होता. गोष्ट एवढीच कीं, शहरांतील एका लहानशा मॅरॅथॉन शर्यतीची व्यवस्था आमच्या कांहीं जुन्या विद्यार्थ्यांनीं अंगावर घेतली होती, आणि जेथें धडधाकट तरुण खर्ची घालणें त्यांस परवडण्यासारखें नव्हतें अशा एका जागीं त्यांनीं आम्हांस नेमलें होतें.

पहिले धांवणारे यावयास अर्धा तास अवकाश होता. अशा रिकाम्या वेळीं मनुष्याचें मन आपल्या धंद्याकडे वळतें. ज्या शहरांत ही शर्यत चालली होती, त्याच शहराकडे एकदां एक मनुष्य असाच हिवाळ्यांत धांवत निघाला होता, आणि त्याच्याइतकी जड बातमी महाराष्ट्राच्या इतिहासांत दुसऱ्या कोणा धांवणारानें वाहिली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तो या शहरास पोंचण्यापूर्वींच त्याची बातमी वाटेंत उघडली गेली. ग्रीकांच्या धांवणाराचें नांव आज पोरासोरांच्या तोंडीं आहे. आमच्या या कासिदाची आठवण मात्र इतिहास वाचणारांनाच असते, आणि त्यांनाहि तो धांवत होता याची नसते, त्याच्या थैलींतील पत्राची असते.

प्रथम ग्रीकाचें पाहूं. मॅरॅथॉनच्या रणांगणावरून अथेन्सपर्यंत धांवत येऊन 'जिंकलों' एवढें बोलून प्राण सोडणाऱ्या दूताची कथा सर्वांस ठाऊक आहे. पण त्या युद्धाला सर्वांत जवळचा इतिहासकार जो हिरोडोटस, त्यास ही कथा माहीत नाहीं. त्याचा फिडिपिडीस लढाईपूर्वीं मदत मागण्यासाठीं अथेन्सहून स्पार्टास गेला व सुमारें दोनशें चाळीस किलोमीटरांची ती वाट तोडून दुसऱ्या दिवशीं तेथें पोंचला. प्राण सोडणारा दूत पांच-सहा शतकांनंतर प्लुटार्क व ल्युशियन यांच्या लेखांत प्रकट होतो, आणि दोघांनीं दिलेलीं नांवेंहि जुळत नाहींत. पुढें १८७९ सालीं ब्राउनिंगनें त्यावर कविता केली, फ्रेंच पंडित मिशेल ब्रेआल यानें १८९६ च्या अथेन्स येथील ऑलिंपिक सामन्यांत अशी एक शर्यत ठेवावी असें सुचविलें, आणि सुमारें चाळीस किलोमीटरांची ती पहिली शर्यत स्पिरिडॉन लुई नांवाच्या ग्रीकानेंच जिंकली. आजचें ४२.१९५ किलोमीटर हें अंतर तर १९०८ सालीं लंडनांत ठरलेल्या मार्गाचें असून, तें १९२१ सालीं कायम झालें. संशयित दंतकथेवर सारें जग धांवतें आहे. त्यास आमची हरकत नाहीं. दंतकथा सुंदर आहे.

आतां आमचा कासीद. पानिपतची लढाई बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. नानासाहेब पेशवे त्या वेळीं उत्तरेकडे कूच करीत होते, व भाऊसाहेबांची खबर नाहीं म्हणून चिंतेंत होते. ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत लिहिलें आहे कीं, या प्रवासांत नर्मदेजवळ सावकारांचा एक कासीद पेशव्यांच्या हातीं लागला. पानिपताहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोंचण्याचा त्यानें करार केला होता. त्याच्याजवळचें पत्र उघडलें तेव्हां त्यांत मोत्यें, मोहरा, रुपये व खुर्दा अशा सावकारी भाषेंत त्या दिवसाची हानि लिहिलेली निघाली. मोत्यें दोन होतीं; तीं कोणतीं, हें पेशव्यांस कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

हें पत्र प्रत्येक मराठी मुलाच्या पाठ्यपुस्तकांतून गेलें आहे, आणि त्यावर भाष्यें पुष्कळ झालीं आहेत. आम्ही आज पत्र बाजूस ठेवून पत्र नेणाराच्या पायांकडे पाहणार आहों.

पानिपत व औरंगाबाद यांमध्यें नकाशावर सरळ रेघ ओढली तरी ती साडेदहाशें किलोमीटरांच्या वर जाते. नऊ दिवसांत हें अंतर तोडावयाचें तर पक्ष्यालाहि रोज एकशें सतरा किलोमीटर उडावें लागेल. मग चंबळेच्या दऱ्या, माळव्याचें पठार, नर्मदा-तापीचे उतार आणि अजिंठ्याचा डोंगर ओलांडणाऱ्या माणसाची काय कथा? एका माणसानें पायीं हें करणें अशक्य कोटींतलें आहे. तेव्हां एक तर कराराचा आंकडा फुगविलेला असला पाहिजे, किंवा ही धांव एकाची नसून टप्प्याटप्प्यानें अनेकांची असली पाहिजे. आमचा कल दुसऱ्या तर्काकडे आहे. मराठी कागदपत्रांत कासीद-जासुदांच्या 'जोड्या' रवाना केल्याचे उल्लेख पदोपदीं येतात; एक पडला तर दुसऱ्यानें पुढें जावें हा त्यांतील हेतु उघड आहे. ज्यांच्या हुंड्या हिंदुस्थानभर चालत त्या सावकारांनीं वाटेवर माणसें बदलण्याची सोय ठेवली असेल तर त्यांत नवल कसलें? युद्धाचा निकाल त्यांच्या दृष्टीनें हुंडणावळीचा भाव होता. निजामाची राजधानी हैदराबादेस हलावयास अजून दोन वर्षें होतीं. औरंगाबादेंतील पेढ्यांना दिल्लीकडील वारा कोठून वाहतो हें इतरांच्या आधीं कळणें अगत्याचें होतें.

आणखी एक हिशेब आहे. ही भेट भेलशाच्या मुक्कामीं २४ जानेवारीस झाली असें आमचे इतिहासकार सांगतात. तें ग्राह्य धरलें तर लढाईच्या दिवसापासून दहावा दिवस उजाडला होता आणि औरंगाबाद अजून पावणेपांचशें किलोमीटर दूर होती! म्हणजे पेशव्यांनीं अडविलें नसतें तरी कासीद करार मोडून बसलाच होता. असें असूनहि त्यानें दहा दिवसांत साडेसहाशें किलोमीटर, म्हणजे रोजचे वीस कोस, तेहि हिवाळ्याच्या थंडींत आणि पराभूत फौजेचे भुकेले लोक ज्या मुलुखांत पांगले होते अशा मुलुखांतून तोडले होते. हें एका माणसाला साधण्यासारखें आहे, पण जेमतेम. डफ त्याचें नांव देत नाहीं.

टप्प्यांच्या धांवेचा या भागाशीं संबंध पानिपताहूनहि चारशें वर्षें जुना आहे. महंमद तुघलकानें राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हां त्याच्या टपालाची जी व्यवस्था होती तिचें वर्णन इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशानें करून ठेवलें आहे. घोड्यांची डाक वेगळी व पायांची डाक वेगळी. पायांच्या डाकेंत मैलाचे तीन भाग करून प्रत्येक भागावर चौकी असे. धांवणाराच्या एका हातांत पत्र व दुसऱ्या हातांत घुंगरें लावलेली काठी. घुंगरांचा आवाज कानीं पडला कीं पुढच्या चौकीवरचा मनुष्य कंबर बांधून तयार होई, आणि पत्र हातीं येतांच तो सुटे. सुलतान दौलताबादेस असतांना त्याच्या पिण्यासाठीं गंगेचें पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून येथें येत असे. आमच्या टेबलावरचे पाण्याचे पेले पाहून हें आठवल्यावांचून राहिलें नाहीं. बतूता म्हणतो कीं ही पायांची डाक घोड्यांच्या डाकेहून जलद होती. आणि आम्हांस त्याचें कारण घुंगरांत दिसतें. धांवणारा कितीहि चपळ असला तरी पुढचा मनुष्य चौकीवर झोंपलेला असेल तर सारी चपळाई व्यर्थ.

कासिदांचा धंदा टपालगाड्यांनीं व तारायंत्रानें बुडाला, पण पाय राहिले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या क्रीडासमारंभांत अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं शेतकरी वर्गांतील तरुण अनवाणी, खडीच्या रस्त्यावरून, पंचवीस मैलांच्या आसपासची शर्यत धांवतांना पाहिले. त्यांच्या वेळा युरोपांतील धांवणारांच्या वेळांपासून फार दूर नाहींत हें त्यांच्या ध्यानांत आलें, व बऱ्याच अंशीं त्यांच्या खटपटीनें १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस हिंदी मंडळी गेली. तेथें मॅरॅथॉनमध्यें बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले दोन तास पन्नास मिनिटें पंचेचाळीस सेकंदांत एकोणिसावे आले. त्या वर्षींचा मार्ग ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मापाहून अर्ध्या किलोमीटरानें लांब होता, हें त्यांच्या वेळेचा विचार करतांना विसरतां कामा नये. पहिला आलेला फिनलंडचा कोलेमायनेन त्यांच्यापुढें अठरा मिनिटें होता. अनवाणी सरावाचे पाय, सहा आठवड्यांचा परका देश आणि अपरिचित हवा यांचा हिशेब कोणत्याहि तक्त्यांत येत नाहीं. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरॅथॉन १९८३ सालीं व मुंबईची २००४ सालीं सुरू झाली. आमच्या शहरास हें वेड गेल्या दहा-बारा वर्षांतच लागलें.

लहान शर्यतीची व्यवस्था मोठीपेक्षां सोपी असेल अशी आमची समजूत होती. ती चुकीची ठरली. मोठ्या शर्यतींत पैसा चुका झांकतो. लहान शर्यतींत प्रत्येक चूक चारशें लोकांना दिसते. आमच्या विद्यार्थ्यांनीं मार्ग मोजला तो पहाटे तीन वाजतां, चाकावर गणकयंत्र बसविलेल्या सायकलीनें. आधीं पक्क्या मोजलेल्या अंतरावरून सायकल नेऊन चाकाच्या फेऱ्या ठरवावयाच्या, मग मार्ग मोजावयाचा, आणि पुन्हा त्याच अंतरावर येऊन पडताळा घ्यावयाचा. कारण हवा तापली कीं टायर फुगतें व चाकाचें माप बदलतें. वळणावर कडेपासून एका वितीहून थोडें अधिक अंतर राखून, धांवणारा जी सर्वांत जवळची वाट धरील तीच धरावयाची. एवढें करून दर किलोमीटरास एक मीटर जास्त घालावयाचा, म्हणजे मार्ग तोकडा पडल्याचा ठपका येत नाहीं. हें ऐकून, आमच्या कित्येक संशोधकांनीं सनावळ्या इतक्या काळजीनें तपासल्या असत्या तर, असा एक विचार आमच्या मनांत आला, असो.

शहराचे दरवाजे ही दुसरी अडचण. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी वसविली, औरंगजेबाच्या सुभेदारींत तिचें औरंगाबाद झालें व पुढें त्याच्या बादशाहींत तट उभा राहिला. परंतु चारशें माणसांनीं एकदम त्या कमानींतून धांवावें असें दोघांच्याहि मनांत नसणार. दरवाजाचें काम शत्रूची गर्दी अडविणें हें, आणि तें मकाई दरवाजा अजून चोख बजावतो. म्हणून आरंभ रुंद रस्त्यावर ठेवून, लोक पांगल्यावर, चौथ्या-पांचव्या किलोमीटरानंतर दरवाजा येईल असा मार्ग आंखला होता. वेळेचा हिशेबहि तसाच. येथील जानेवारींत पहाटे दहा-बारा अंशांची थंडी असते, पण दहानंतर ऊन बोलूं लागतें; म्हणून शेवटचा मनुष्य त्यापूर्वीं आंत यावा अशी योजना होती.

आमच्या टेबलावरून पहिला धांवणारा गेला तेव्हां उजाडत होतें. मग शेंपन्नास लोक एकदम आले, पेले उलटले, केळ्यांच्या सालीं पायांखालीं आल्या, आणि अर्ध्या तासानें रस्ता पुन्हा ओस झाला. आमच्या हाताखालचा मुलगा म्हणाला, "सर, झाले सगळे. पुढच्या टेबलावर पाणी कमी पडतंय, टेम्पो आलाय." नियम आम्हांस ठाऊक होता: शेवटच्या धांवणाऱ्यामागें एक सायकलवाला असतो, आणि तो जाईपर्यंत टेबल हलवावयाचें नसतें. पण पुढें तहानलेले लोक आहेत हें ऐकून आम्हीं मान हलविली. टांकी टेम्पोंत चढली.

पांच मिनिटांनीं पुलावरून एक बाई आल्या. वय साठीच्या घरांत, नेसूं नऊवारी, पायांत कापडी बूट, छातीवर शर्यतीचा क्रमांक. त्या धांवत होत्या. सावकाश, पण धांवत होत्या. रिकाम्या टेबलाशीं थांबून त्यांनीं विचारलें, "भाऊ, पाणी संपलं का?"

आम्ही रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर गेलों व तेथून तांब्याभर पाणी आणलें. त्यांनीं तें उभ्याउभ्या घेतलें, तांब्या परत दिला, आणि "उशीर झाला बाई मला," असें आपल्याशींच म्हणत दरवाजाकडे निघाल्या. उशीर त्यांना झालेला नव्हता. त्या मुदतीच्या अकरा मिनिटें आधीं आंत आल्या हें आम्हांस दुपारीं कळलें. सायकलवाला त्यांच्यामागें पन्नास पावलांवर होता. त्यानें घंटा वाजविली आणि आमच्या मोकळ्या टेबलाकडे पाहून तो कांहीं बोलला नाहीं.

संध्याकाळच्या बैठकींत ही हकीकत आम्हींच सांगितली. या वर्षीं प्रत्येक टेबलावर एक वही ठेवण्याचें ठरलें आहे. सायकलवाला तींत सही करील, तोंवर एक पेलाहि हलणार नाहीं. आम्हांस तीच जागा मिळाली आहे, आणि वहीचें पहिलें पान आम्ही आंखून ठेवलें आहे.