प्राचीन चीनची सैन्यव्यवस्था आणि भिक्खूसंघ

प्राचीन चीनचे सैन्य म्हटले की शिआनजवळ १९७४ मध्ये सापडलेले मातीचे सैनिक आठवतात. पण ज्या छिन राज्याने इ.स.पू. २२१ मध्ये सारा चीन एका सत्तेखाली आणला, त्याची खरी फौज गावोगावच्या घरनोंदीवर उभी होती. कोणत्या घरात किती पुरुष आहेत हे सरकारला माहीत असे आणि त्या नोंदीनुसार शेतसारा, वेठ व सैनिक या तिन्ही गोष्टी वसूल होत.

ही घडी इ.स.पू. चौथ्या शतकात शांग यांग या मंत्र्याने बसवली. त्याने पाच-पाच आणि दहा-दहा घरांचे गट पाडले. गटातील एकाचा गुन्हा इतरांनी लपवला तर शिक्षा सर्वांना. हीच रचना सैन्यात आली. पाच सैनिकांच्या गटाला 'वू' म्हणत. त्यातला एक गेला तर उरलेल्या चौघांवर दंड बसे आणि शत्रूचे एक शिर कापून आणले तर तो माफ होई. म्हणजे सैनिकावर नजर ठेवायला वेगळा अधिकारी फारसा लागतच नसे, ते काम शेजारचा सैनिकच करी.

दुसऱ्या बाजूला बक्षीस होते. शत्रूच्या एका शिराला एक दर्जा, सुमारे ११ एकर जमीन, घरासाठी जागा आणि एक सेवक. पुढे अशा दर्जांची संख्या वीस झाली. रणांगणावर काही कमावले नसेल तर राजाच्या नातलगांनाही राजकुळाच्या यादीत स्थान नसे. जन्मावर ठरणारी सरदारकी यामुळे मोडली, हे आपल्या वाचकांना महत्त्वाचे वाटेल आणि ते आहेही. मात्र सामान्य शेतकऱ्याला वर चढण्याचा हा जो मार्ग मिळाला, तो दुसऱ्या राज्यातील त्याच्यासारख्याच शेतकऱ्याच्या मुंडक्यावरून जात होता.

या व्यवस्थेत प्रत्यक्ष जगणाऱ्या माणसांचा आवाजही आपल्यापर्यंत पोहोचला आहे. हुबेई प्रांतात श्वेइहूदी येथील एका थडग्यात लाकडी पट्ट्यांवर लिहिलेली दोन पत्रे सापडली. इ.स.पू. २२३ च्या सुमारास छू राज्यावरील स्वारीत असलेल्या हेइफू आणि जिंग या भावांनी ती घरी पाठवली होती. हेइफू आईकडे पैसे आणि उन्हाळी कपडे मागतो. गावाकडे कापड स्वस्त असेल तर कपडे शिवून पाठव, नाहीतर पैसे पाठव, मी इथे घेईन, असे तो सांगतो. जिंगवर उसनवारी झाली आहे, पैसे आले नाहीत तर जीव जाईल असे तो लिहितो. अंगावरचा कपडा सैनिकाने घरून आणायचा, हे यातून कळते. हेइफूने आणखी एक गोष्ट विचारली आहे : मिळालेल्या दर्जाचे कागद घरी पोहोचले का?

सैनिक असा बांधलेला, मग सेनापतीचे काय? त्याच्यासाठी 'हूफू' होते. हे वाघाच्या आकाराचे, मधोमध दुभागलेले कांस्याचे चिन्ह. एक अर्धा भाग राजाकडे, दुसरा सेनापतीकडे किंवा ठाण्यावर. शिआनजवळ सापडलेल्या छिन काळातील एका हूफूवर नियमच कोरला आहे. उजवा भाग राजाकडे व डावा 'दू' या गावी राहील. पन्नासहून जास्त सशस्त्र माणसे हलवायची तर दोन्ही भाग जुळलेच पाहिजेत. फक्त सीमेवर इशाऱ्याची आग पेटली तर वाट पाहू नये.

ही युक्तीही अभेद्य नव्हती. इ.स.पू. २५७ मध्ये वेई राज्याचा राजपुत्र शिनलिंग याने राजाच्या शयनगृहातून हूफूचा अर्धा भाग चोरवला आणि सेनेचा ताबा घेतला. तुकडे जुळले, तरी सेनापती जिन बी याला संशय आला, तेव्हा त्याला जागीच ठार करण्यात आले. ताबा मिळताच शिनलिंगने हुकूम काढला : बाप-लेक दोघे सैन्यात असतील तर बापाने घरी जावे, भाऊ असतील तर थोरल्याने, आणि एकुलत्या एकाने आईवडिलांकडे परतावे. चोरलेल्या अधिकारातून निघालेला हा हुकूम त्या काळातील कायदेशीर हुकमांपेक्षा माणुसकीचा होता.

आता संघाकडे येऊ. जिथे प्रत्येक पुरुष नोंदवहीत आहे, तिथे चीवर घालणारा माणूस त्या वहीतून वजा होतो. हा पेच भारतातही होता. विनयपिटकातील महावग्गात सीमेवरच्या लढाईला निघालेल्या मगधाच्या सैनिकांची हकिकत आहे. युद्धात पाप घडते म्हणून त्यांनी प्रव्रज्या घेतली. बिंबिसार राजाने हे तथागतांच्या कानावर घातले, श्रद्धा नसलेले राजे अशा कारणाने भिक्खूंना छळतील असे सांगितले. त्यानंतर राजसेवेतील सैनिकाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला.

चीनमध्ये बिंबिसाराची भीती खरी ठरली. इ.स. ४४६ मध्ये, बंड मोडण्याच्या मोहिमेत चांगआनच्या एका विहारात शस्त्रे सापडली, आणि उत्तर वेईचा सम्राट ताइवू याने भिक्खूंच्या कत्तलीचा व विहार नष्ट करण्याचा हुकूम दिला. ५७४ मध्ये उत्तर झोउच्या सम्राट वूने बौद्ध आणि ताओ या दोन्ही पंथांवर बंदी घातली. भिक्खूंना संसारात परत पाठवले, म्हणजेच कर, वेठ आणि लष्करासाठी ते पुन्हा उपलब्ध झाले. सम्राट वूच्या मनात धर्मद्वेष किती आणि मनुष्यबळाचा हिशेब किती, हे वेगळे करणे कठीण आहे. मला हिशेबाचे पारडे जड वाटते.

भारतात येण्यासाठी ह्युएन त्संग निघाला तोही परवानगीशिवायच. यूमेन घाटापलीकडे वाळवंटात पाण्याच्या ठिकाणीच पहाऱ्याचे बुरूज होते. पहिल्या बुरुजाजवळ पाणी भरताना त्याच्यावर बाण सुटले. पण तिथला अधिकारी वांग शियांग बौद्ध उपासक निघाला. त्याने भिक्खूला पकडून परत धाडले नाही, जेवण दिले आणि पुढची वाट दाखवली.

पुढे हाच प्रवासी दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला. इथल्या फौजेबद्दल त्याने नोंदवले आहे की, हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, त्याला बायकांचे कपडे देतात, आणि त्या लाजेने तो स्वतःच मरण पत्करतो.