घोडेमोडणी आणि घोड्यावरची मांड

शिमगा आला की डिचोली, पेडणे आणि सत्तरी या तालुक्यांत घोडेमोडणी निघते. कमरेला लाकडी घोडा बांधलेले, फुलांनी सजविलेले फेटे ल्यालेले गडी एका हातात लगाम व दुसऱ्या हातात तलवार धरून ढोलताशांच्या ठेक्यावर पुढे सरतात, मागे हटतात. सत्तरीच्या राण्यांच्या पराक्रमाची ही स्मृती, असे परंपरा सांगते. ते पाहून एखादे मूल विचारते, ‘बाबा, मला खऱ्या घोड्यावर बसायला शिकवाल?’ आणि बाप विचारात पडतो. मोटारीच्या युगात या विद्येचा उपयोग काय?

घोडा गोव्याला नवा नव्हे. अरबस्तानातून व होर्मुझहून आलेले घोडे येथील बंदरात उतरत आणि घाट चढून विजयनगरकडे जात. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा जिंकल्यावर हा व्यापार त्यांच्या हाती आला व घोड्यांवरील जकात हे त्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन ठरले. त्या काळी घोडा म्हणजे राज्याचे बळ होते; शिकणे ही हौस नव्हती, गरज होती.

मराठी फौजेत स्वार दोन प्रकारचे असत. स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. सरकारी पागेतून ज्याला घोडा मिळे तो बारगीर. ज्याच्या दारी घोडा बांधलेला नाही, अशा कुणब्याच्या मुलालाही त्यामुळे स्वार होता येई. अश्वविद्या ही केवळ श्रीमंतांची मिरवणूक राहिली नाही, याचे श्रेय या पागेकडे जाते.

परंतु निष्णात स्वारावरही प्रसंग येतो. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी जुवे बेटावर हल्ला केला. पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग करताना त्यांनी घोडा खाडीत घातला. भरतीच्या पाण्यात घोडा पोहणीस लागला, आणि खंडो बल्लाळांनी उडी घालून धन्याला सावरले, असे बखरकार सांगतात. मांड कितीही पक्की असो, घोड्याची शक्ती व पाण्याचा वेग यांचा अंदाज घ्यावाच लागतो.

ही जाणीव मुलाला पुस्तकातून येत नाही. घोड्यावर आरडाओरडा चालत नाही. लगाम ओढून धरला तर तो बिथरतो, अगदीच सैल सोडला तर मनाला येईल तिकडे जातो. आपल्याहून कितीतरी बलवान प्राण्याला हलक्या हाताने वळविणे, हा संयमाचाच पाठ होय.

मात्र दोन अटी आहेत. मुलगा असो वा मुलगी, जाणता शिक्षक, शांत घोडा आणि डोक्यावर शिरस्त्राण यांवाचून रिकिबीत पाय घालू देऊ नये. आणि शिक्षण खोगिरापासून सुरू न होता खराऱ्यापासून सुरू व्हावे. ज्याने घोड्याला चंदी घातली, त्याचे खूर पाहिले, घाम पुसला, त्यालाच त्याच्यावर बसण्याचा अधिकार. केवळ छायाचित्रासाठी बसविणार असाल, तर तो पैसा वाचवावा.

शुल्क न परवडणाऱ्या बापानेही खंत करू नये. घरच्या वासराची निगा राखणारे मूल याच शाळेत शिकत असते. आणि शिमग्यात कमरेला लाकडी घोडा बांधून ताल न चुकता पावले टाकणारे पोरही काही कमी शिकत नाही.