सरासरी बरी म्हणजे यंत्रणा बरी?

गुजरातमधील विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ वडोदऱ्याच्या गोत्री भागातील राज्य भार प्रेषण केंद्रातून घातला जातो. अशा यंत्रणांची आकडेवारी एपीआयमार्फत मागवणाऱ्यांत एक समज पक्का बसला आहे: कच्चे आकडे चिवडत बसू नये, सरासरी मागवावी, ती ठीक दिसली की यंत्रणा ठीक.

या म्हणण्याला आधार नाही असे नाही. ग्रिडवरचे पीएमयू (फेझर मापन उपकरण) सेकंदाला 25 नोंदी पाठवत असेल, तर एकाच उपकरणाच्या दिवसाला 21 लाख 60 हजार नोंदी होतात. प्रत्येक प्रश्नाला त्या सगळ्या वाचायच्या म्हटल्या तर सर्व्हर मान टाकेल. शिवाय विजेचा हिशेबही 15 मिनिटांच्या टाइम ब्लॉकवर, दिवसाच्या 96 ब्लॉकांत चालतो.

पण हिशेबाला जे पुरते ते निदानाला पुरत नाही. समजा, एका ब्लॉकमध्ये साडेसात मिनिटे वारंवारता 49.80 हर्ट्झ होती आणि उरलेली साडेसात मिनिटे 50.20. सरासरी 50.00, म्हणजे अगदी आदर्श! प्रत्यक्षात 49.90 ते 50.05 या विहित पट्ट्यात ग्रिड क्षणभरही नव्हता.

काळाची सरासरी क्षण लपवते, तसा अख्ख्या ग्रिडचा आकडा जागा लपवतो. 31 जुलै 2012 रोजी ग्रिड कोसळण्यापूर्वी वारंवारता 49.84 हर्ट्झ होती. त्या आकड्यात घाबरण्याजोगे काही नव्हते. दुपारी एकच्या सुमारास बीना–ग्वाल्हेर ही 400 केव्हीची वाहिनी भारामुळे ट्रिप झाली आणि उत्तर, पूर्व व ईशान्य ग्रिड पाठोपाठ बसले. गुजरात ज्यात आहे तो पश्चिम ग्रिड तगला. वारंवारतेचा आकडा खोटा नव्हता. एका वाहिनीवरचा ताण सांगणे हे त्याचे कामच नव्हते.

सरासऱ्यांची सरासरी काढणे ही तर सरळ चूक. एका फीडरवर 10,000 ग्राहक, प्रत्येकाची वीज 5 मिनिटे गेली. दुसऱ्यावर 100 ग्राहक, प्रत्येकाची 200 मिनिटे. दोन सरासऱ्यांची सरासरी 102.5 मिनिटे येते. ग्राहकसंख्या धरली तर खरी सरासरी जेमतेम 7. आणि या सातातही दुसऱ्या फीडरवरचे हाल दिसत नाहीतच.

मग सगळे कच्चेच साठवायचे का? नाही. एकत्रीकरण हवेच, पण पुन्हा जोडता येईल असे. दर ब्लॉकला नोंदींची संख्या, बेरीज, किमान, कमाल आणि कोणत्या टप्प्यात किती नोंदी पडल्या याची मोजदाद ठेवावी. संख्या आणि बेरीज यांवरून कितीही मोठ्या कालावधीची खरी सरासरी निघते. टप्प्यांच्या मोजदादी जोडून 95वा पर्सेंटाइल अंदाजता येतो. तयार पर्सेंटाइलांची सरासरी काढून तो कधीच मिळत नाही. संख्येचा आणखी एक उपयोग: ब्लॉकमध्ये 22,500 नोंदी अपेक्षित असताना 9,000च आल्या, तर आधी संपर्क तपासावा, मग निष्कर्ष काढावा. बिघाडाच्या आगेमागचा कच्चा तपशील मात्र जसाच्या तसा राखावा.

गट पाडताना वेळक्षेत्रही स्पष्ट सांगावे. यूटीसीप्रमाणे पाडलेला दिवस वडोदऱ्यात पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि रात्रीची एकच घटना दोन तारखांत विभागली जाऊ शकते.

तेव्हा सरासरी जरूर मागा. पण किमान, कमाल आणि नोंदींची संख्या सोबत नसेल, तर तिच्या भरवशावर यंत्रणेला निर्दोष ठरवू नका.