तळटीप १४ : सियालिक आम्ल

१४. सियालिक आम्ल : कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या बाळाच्या 'वरच्या दुधा'विषयी लिहिताना आलेला हा शब्द 'लाळ' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडला. स्वीडनच्या गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ मध्ये गाईच्या लाळग्रंथीतील चिकट द्रव्यातून हे आम्ल वेगळे काढले. नऊ कार्बनांची ही शर्करा मेंदूच्या पेशींच्या आवरणात विपुल असते. आईच्या दुधात, त्यातही चिकात, ती गाईच्या नेहमीच्या दुधाहून पुष्कळ अधिक भरते. मात्र या दोन दुधांबद्दल लेखकाने एकाच आकड्यावर दिलेला निकाल अपुरा वाटतो. आईच्या दुधात तिचा मोठा वाटा सुट्या लघुशर्करांना जोडलेला असतो, गाईच्या दुधात बराचसा केसीनसारख्या प्रथिनांना. हा फरक मोजणीतही आड येतो : लिओनार्ड वॉरन यांच्या १९५९ च्या थायोबार्बिट्युरिक आम्लाच्या पद्धतीत केवळ बंधमुक्त सियालिक आम्लाचाच गुलाबी रंग येतो, आणि त्याची गडदता ५४९ नॅनोमीटरला मोजतात. त्यासाठी दूध आधी सौम्य आम्लात तापवावे लागते. बंध अर्धवट तुटले तर आकडा खाली येतो, जादा तापवले तर शर्कराच नासते. तेव्हा पद्धत आणि दूध कितव्या दिवसाचे, हे सांगितल्याशिवाय तुलना लंगडी. बाळाचे यकृत हे आम्ल स्वतः बनवतेच, हा आक्षेप खरा आहे. पण तो बाळाच्या गरजेबद्दलचा आहे, दोन दुधांतला फरक त्याने पुसला जात नाही. शिवाय कोल्हापूरच्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध म्हशीचे. त्याला गाईचे आकडे लावू नयेत. – संपा.