धनुष्य गेलं, साखळी राहिली

सोलापुरात एखादं पोर लेझीम शिकायला लागलं की नाही, हे त्याच्या अंगठ्यावरून ओळखायचं. पहिल्या आठवड्यातच कड्यांमध्ये अंगठा चिमटतो, नखाखाली रक्त साकळतं आणि पुढचे पंधरा दिवस ते काळं नख मिरवत हिंडावं लागतं. माझंही तसंच झालं होतं. शाळेत सरांनी अंगठ्याकडे बघून, ‘आता जमेल तुला,’ एवढंच म्हटलं आणि पुन्हा रांगेत उभं केलं.

वस्तू म्हणाल तर अगदी साधी. दीड वीत लांबीचा लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना अडकवलेली लोखंडी साखळी, साखळीच्या मधोमध मूठ आणि कड्याकड्यांत ओवलेल्या पातळ चकत्या. डाव्या हातात दांडा, उजव्यात मूठ. हात लांब केले की साखळी ताणली जाते, जवळ आणले की चकत्या एकमेकींवर आपटतात. वाकून पायाशी उघडायची, ताठ होत छातीशी मिटायची, खांद्याच्या रेषेत पुन्हा उघडायची, पुन्हा मिटायची. हे झाले ‘चार आवाज’. लेझीमची बाराखडी इथून सुरू होते.

पण ही वस्तू नेमकी कशासारखी दिसते? टाळ नाही, चिपळ्या नाहीत, खुळखुळा तर नाहीच. एक हात स्थिर, दुसरा मागे खेचणारा. ही ढब वादकाची नाही, तिरंदाजाची आहे.

‘लेझम’ हा शब्द फारशीतून आला. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेलं, व्यायामासाठी केलेलं धनुष्य, असा त्याचा अर्थ. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही लेजीम दिसते ती अशीच: साखळीची दोरी असलेलं, कसरतीचं धनुष्य. ताफा नाही, मिरवणूक नाही. एकटा माणूस धनुष्य खेचतो आहे आणि बाहू कमावतो आहे, एवढंच चित्र. आज आपण ज्याला लेझीम म्हणतो ते त्या धनुष्याचं आखडलेलं पोर. कमानीचा वाक गेला, सरळ दांडा राहिला.

मूळ रूप बघायचं असेल तर इराणमधल्या जुरखान्यात, म्हणजे तिथल्या तालमीत, जावं लागतं. तिथे आजही ‘कब्बादे’ नावाचं लोखंडी धनुष्य वापरात आहे. कमान लोखंडाची, दोरीच्या जागी जाड साखळी, साखळीत खुळखुळणाऱ्या चकत्या. पहिलवान ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरतो आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलवतो. उंचावर बसलेला मुर्शिद ढोल वाजवतो, घंटेचा टोला देतो, शाहनाम्यातले प्रसंग गातो. त्या तालावर सगळे कसरत करतात. म्हणजे व्यायामाला वाद्य आणि गाणं तिकडेही लागतंच. २०१० साली युनेस्कोने इराणच्या या पहलवानी परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

जुरखाना हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण नीट कान द्या. ‘जुर’ म्हणजे आपला ‘जोर’. तालमीत जे जोर काढतात, तोच. पहिलवान फारशी, वस्ताद फारशी ‘उस्ताद’, तालीम अरबी. लाल मातीत हनुमानाची तसबीर लावून ज्या गोष्टी आपण करतो त्यांची निम्मी परिभाषा पश्चिमेकडून आली आहे, आणि त्यात बिचकण्यासारखं काही नाही. बहमनींपासून आदिलशाही-निजामशाहीपर्यंत दख्खनच्या दरबारांत फारशीचा वावर होता. सोलापूरचा किल्ला तर या दोन शाह्यांत हुंड्याच्या भांडणाचा विषय झाला: १५२४ साली आदिलशाहाची बहीण बुऱ्हाण निजामशाहाला दिली, लग्न इथे सोलापुरात लागलं, बोलीत किल्ला कबूल झाला आणि दिला मात्र नाही. पुढे पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या. असल्या सोयरिकींच्या आणि वैराच्या मुलखात धनुष्य कमावण्याचं साधन न येतं तरच नवल.

मग बंदूक आली. तिरंदाजीला लष्करात काम उरलं नाही, म्हणजे तिरंदाजाच्या कसरतीलाही उरायला नको होतं. पण साखळीला एक सवय होती, ती वाजायची. माझ्या मते लेझीम टिकली ती तिच्या या आनुषंगिक गुणावर. जो आवाज आधी श्रमाबरोबर फुकट मिळत होता, त्याच्यासाठीच पुढे श्रम व्हायला लागले. वजन घटत गेलं, आवाज वाढत गेला.

एकट्याची लेझीम रांगेची झाली ती आखाड्यांच्या नव्या संस्थांत. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी सांघिक व्यायामाला हिंदी हुकूम दिले. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. याच मंडळाचं पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं आणि कबड्डीसह देशी व्यायामांची प्रात्यक्षिकं तिथे करून आलं. त्याच साली बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदारांच्या व्यायाम ज्ञानकोशाचा पहिला खंड निघाला. कांदिवलीची सरकारी शारीरिक शिक्षण संस्था १९३८ ची. तिथून शिकून निघालेले कवायतीचे सर जिल्ह्याजिल्ह्यांच्या शाळांत गेले आणि लेझीम पटावर आली.

या टप्प्याची खूण आजही हुकुमांत ऐकू येते. ‘होशियार’, ‘एक जगह’, ‘आगे फलांग’, ‘पीछे फलांग’, ‘दो रुख’. मराठी शाळेच्या मैदानावर मराठी सर, मराठी पोरांना हिंदीत ओरडतात. इतर गावांत हे गमतीचं वाटेल, सोलापुरात फार सोयीचं होतं. आमच्या रांगेत एक पोरगा घरी तेलुगू बोलणारा, त्याच्या पलीकडचा कन्नड, मागचा उर्दू. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या. मागाच्या मागे माणसं आली आणि पेठापेठांत चार भाषा राहायला लागल्या. ‘आगे फलांग’ कुणाचंच घरचं नव्हतं, म्हणून सगळ्यांना सारखंच परकं आणि सारखंच आपलं होतं.

गिरण्यांच्या गावात तालमींना तोटा नसतो. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं सोलापूरकराला पत्त्यासारखी उपयोगी पडतात. आणि मिरवणुकांनाही तोटा नाही. गणपती, शिवजयंती, आंबेडकर जयंती, बसवेश्वर जयंती, नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव. पैलवानाने कमावलेला दम आणि शाळेत गिरवलेली रांग या मिरवणुकांत एकत्र आली. शाळेची लेझीम आकड्यांवर चालते, एक-दो-तीन-चार. रस्त्यावरची हलगीवर चालते. हलगीवाला ताफ्याकडे तोंड करून उलटा चालत असतो. कुणाचे खांदे पडलेत, कुणाला अजून दम आहे, ते बघत तो लय चढवतो. फेटा, बंडी, कमरेला शेला आणि कपाळावर गुलाल घामात मिसळलेला. शंभर लेझमा एकदम मिटतात तेव्हा जो आवाज होतो तो कानाला नाही, छातीला लागतो. हल्ली डीजेच्या भिंतीही छातीलाच लागतात म्हणा, पण तिथे थकणारं कुणी नसतं.

रस्त्यावरून ती स्टेडियममध्ये गेली १९८२ साली. १९ नोव्हेंबरला दिल्लीत आशियाई स्पर्धांचं उद्घाटन झालं तेव्हा देशोदेशीच्या पाहुण्यांपुढे महाराष्ट्राच्या चारशेवर खेळाडूंनी लेझीम सादर केली. बहुतेक सगळे सांगलीचे. २०१४ च्या प्रजासत्ताक दिनी सात हजारांवर लोकांनी एकाच वेळी लेझीम खेळण्याचा विक्रम झाला, तोही सांगलीतच. आम्ही सोलापूरकर यावर फारसं बोलत नाही.

या सगळ्यात मात्र एक शब्द रूढ झाला: लेझीमनृत्य. आणि त्याने पुढे घोळ घातला. जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटाची झलक आली, त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि वाद पेटला. राजाला नाचताना दाखवलं, हा आक्षेप. लेझीम आमचा मर्दानी खेळ आहे, त्यात अपमान कसला, हे उत्तर. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी राज ठाकरे यांची भेट घेतल्यानंतर तो प्रसंग काढून टाकायचं ठरवलं. चर्चा सगळी ‘नाच की कसरत’ या एकाच प्रश्नाभोवती फिरली.

मला तेव्हा वाटलं, क्रियापदाकडे कुणी बघत कसं नाही? मराठीत लेझीम नाचत नाहीत आणि लेझीमचा व्यायामही कुणी ‘घेत’ नाही. लेझीम खेळतात. दांडपट्टा खेळतात, फुगडी खेळतात. सांगोला-मंगळवेढ्याकडे धनगर गजी खेळतात, हातात रुमाल आणि समोर ढोल. यातलं काय नाच आणि काय कसरत हे ठरवायची गरज त्या खेळणाऱ्यांना कधी पडली नाही. आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायका नवरात्रात फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती फेर धरतात. त्यांच्या भाषेत ते ‘आडणं’. तेलुगूत खेळणं आणि नाचणं या दोन्हींना हे एकच क्रियापद चालतं. एका पेठेत गजी, दुसऱ्या पेठेत बतुकम्मा आणि मधल्या चौकात लेझीम असलेल्या गावाला तो वाद जरा दुरूनच ऐकू आला.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या गणपतीतही आता लेझीम असते. तिकडे नेलेल्या लेझमा बहुतेक हलक्या, विमानाच्या सामानात बसणाऱ्या. इथेही बाजारात पत्र्याच्या चकत्यांच्या स्वस्त जोड्या मिळतात. जुने खेळाडू त्या हातात घेऊन एकदा हलवतात आणि काही न बोलता परत ठेवतात. त्यांना आवाजात खोट दिसत नाही, ओढ लागत नाही ही त्यांची तक्रार. हाताला काही खेचल्यासारखं वाटलं पाहिजे, असं ते म्हणतात. धनुष्याचं नाव त्यांच्यातल्या कुणी काढलेलं मी ऐकलं नाही.

गेल्या श्रावणात रात्री नऊच्या सुमाराला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सराव चालू होता. पुढच्या दोन्ही रांगा मुलींच्या. पावसाने हलगी मऊ पडली होती, म्हणून हलगीवाल्याने कागदाचा जाळ केला आणि चामडं त्यावर धरून फिरवत बसला. मधूनच बोटाने टिचकी मारून ऐकायचा, पुन्हा धरायचा. तोवर मुली दांडे काखेत मारून गप्पा मारत होत्या, दोघी तेलुगूत. एकीने अंगठ्याला चिंधी गुंडाळली होती. हलगी एकदाची ताणली. तिचा पहिला ठोका कोरडा, खणखणीत पडला, वस्ताद ‘होशियार’ म्हणाले आणि चिंधीवाल्या अंगठ्यासकट सगळे हात एकदम पुढे आले.